लिंबाच्या लहान झाडाची पानं पिवळी पडताहेत, सुरुवात कुठून करू?

पानवेल

नमस्कार मंडळी. कुंडीत लिंबाचं कलमी झाड आहे, जेमतेम कमरेइतकं. मोठ्या कुंडीत हलवल्यावर सुरुवातीला छान फूट आली, मग हळूहळू पानं पिवळी पडायला लागली. खालची आणि मधली पानं जास्त. काही गळताहेत. शेंड्याची पानं आकाराने बरी आहेत, पण तकाकी नाही.

ऊन पाच-सहा तास मिळतं. मातीत बागेतली माती, शेणखत आणि कोकोपीट आहे. पाणी साधारण दिवसाआड. पानं उलटसुलट करून पाहिली, कीड दिसली नाही. एकजण म्हणतो लोह कमी आहे, दुसरा म्हणतो एप्सम सॉल्ट टाक, तिसरा म्हणतो पाणी तोड. सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही, म्हणून आधी इथे विचारते.

हिरवाकोपरा

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. लिटरला 10 ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. माझ्या झाडाला चांगला फरक पडला होता. स्वस्तात होणारा उपाय आहे, करून बघायला हरकत नाही.

वाफसा

हिरवाकोपरा, तुमच्या झाडाला मॅग्नेशियमच कमी असेल, म्हणून लागू पडलं. पानवेल यांच्या झाडाचं अजून ठरलेलं नाही. पिवळेपणा हे ताप येण्यासारखं लक्षण आहे, त्यामागे दहा कारणं असतात. पानवेल, अजून काहीही टाकू नका, फवारू नका. आधी दोन गोष्टी सांगा: पिवळं पडणं जुन्या पानांपासून सुरू झालं की नव्या? आणि एका पानात नेमका कुठला भाग पिवळा आहे, शिरा की शिरांमधला भाग?

हे का विचारतोय ते सांगतो. काही अन्नद्रव्यं झाडाच्या आत फिरू शकतात. नत्र, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते काढून कोवळ्या फुटीकडे पाठवतं. त्यामुळे आधी जुनी पानं पिवळी होतात. लोह, जस्त, मंगल (मँगनीज) यांना तसं सहज हलता येत नाही. ते कमी पडले की जुनी पानं हिरवीगार राहतात आणि नवी पालवीच फिकट निघते. म्हणजे झाडाचा कुठला भाग पिवळा आहे एवढं नीट पाहिलं तरी निम्मी यादी बाद होते.

मग पानाची नक्षी बघायची. नत्र कमी असेल तर जुनं पान सगळंच एकसारखं फिकट होत जातं, शिरांसकट. मॅग्नेशियमला जुन्या पानाच्या कडा आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू पिवळ्या होतात, पण देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो, टोक पानाच्या शेंड्याकडे. हा त्रिकोण एकदा पाहिला की विसरत नाही. लोहाला कोवळं पान पिवळं आणि त्यावर बारीक हिरव्या शिरांची जाळी. फार वाढलं तर पान जवळजवळ पांढरं. जस्ताला नवी पानं लहान, अरुंद, टोकदार होतात, पेरं आखूड पडतात, पानांचा झुबका होतो आणि शिरांमध्ये ठळक पिवळे पट्टे येतात. मंगलाला पानाचा आकार नेहमीचाच राहतो, पण शिरांलगत गडद हिरवा पट्टा आणि मध्ये फिकट हिरवं. लिंबवर्गीय झाडांत जस्त आणि मंगल पुष्कळदा एकत्र कमी पडतात, तेव्हा पानावर दोन्हींची सरमिसळ दिसते.

शेवगा

वाफसा यांनी पान छान उलगडून सांगितलंय. पण मी पानाकडे नंतर बघेन, आधी मुळाकडे. कुंडीतल्या लिंबाची पानं पिवळी झाली तर बहुतेक वेळा मातीत सगळं असतं, मुळांना ते उचलता येत नसतं. सतत ओल्या मातीत हवा उरत नाही, हवा नसेल तर पांढरी मुळी मरते, आणि पांढरी मुळी गेली की वर नत्रापासून लोहापर्यंत सगळ्याचीच कमतरता दिसते. मग माणूस खत टाकतो आणि त्या अर्धमेल्या मुळांवर क्षारांचा भार पडतो.

दिवसाआड हे वेळापत्रक झाडाचं नाही, आपलं आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. वरचा थर कोरडा झाला की मग भरपूर, तळातून निथळेपर्यंत. बशी ठेवली असेल तर साचलेलं पाणी काढून टाका.

कुंडी आडवी करून मुळांचा गोळा अलगद बाहेर काढता आला तर उत्तमच. निरोगी मुळं फिकट पिवळसर आणि टणक असतात. कुजलेलं मूळ तपकिरी होतं, चिमटीत धरून ओढलं की साल सुटून येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. वासही कळतो.

रानवाट

या धाग्यात माझाही प्रश्न घुसवते, चालेल ना? माझं झाड जमिनीत आहे, लहानच. माझ्याकडे बरोबर उलटं आहे: जुनी पानं काळपट हिरवी, शेंड्याची सगळी पिवळी. वाफसा यांनी सांगितलेली हिरवी जाळी अगदी तशीच दिसते. मातीत लहान पांढरे खडे आहेत. लोखंडी खिळे पुरायला सांगितलंय, पुरू का?

वाफसा

रानवाट, नका पुरू. मातीत लोह मुबलक असतं, तुमच्याही मातीत असणार. अडचण अशी की चुनखडी असलेल्या जमिनीत सामू (pH) 7.5 च्या वर गेला की लोह अविद्राव्य रूपात अडकून बसतं आणि मुळाला घेता येत नाही. खिळ्यातून आलेलं लोह त्याच साखळीत अडकेल.

आधी खात्री करा. मूठभर कोरडी माती घेऊन तिच्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओता. फसफसलं तर मातीत चुना आहे. न फसफसता नुसतं भिजलं तर प्रयोगशाळेत सामू तपासून घेतलेला बरा. लिंबाला साधारण 5.5 ते 7 च्या आतला सामू मानवतो.

पानवेल

सगळ्यांचे आभार. आज उजेडात पानं नीट पाहिली आणि थोडी गोंधळले. माझ्या पानांत शिरांमधला भाग पिवळा नाहीये. मधली शीर पिवळी आहे, बाजूच्या शिरा पिवळ्या आहेत, आणि त्यांच्या मधला भाग अजून हिरवा आहे. देठाकडे त्रिकोण वगैरे काही नाही. अशी पानं जुनीच जास्त आहेत, पण मधल्या फांद्यांवरही आहेत.

शेवगा, बोट घालून पाहिलं. वर कोरडं वाटतं, आत ओल आहे. मुळांचा गोळा काढला. कडेची मुळं फिकट आणि टणक आहेत, कुजल्याचा वास नाही. पण नवी मुळं फार कमी दिसतात.

वाफसा

हे फार महत्त्वाचं निरीक्षण आहे. शिरा पिवळ्या आणि मधलं हिरवं, हे लोहाच्या बरोबर उलट आहे. लिंबवर्गीय झाडात असं दिसलं की मी खताचा विचार सोडून थेट बुंध्याशी जातो. खोडाची साल कुठेतरी गोलाकार दबली, कापली किंवा कुजली की असं होतं.

पानात तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. तिथे फास बसला की साखर वरच अडते आणि मुळं उपाशी राहतात. पाणी लाकडातून वर चढत असतं, त्यामुळे झाड लगेच कोमेजत नाही आणि आपल्याला शंका येत नाही. उपाशी मुळं नवी पांढरी मुळी काढत नाहीत, नत्र उचलणं मंदावतं, आणि पिवळेपणा शिरांपासून सुरू होतो. फार थंड किंवा पाणी साचलेल्या मातीतही अशा पिवळ्या शिरा दिसतात, पण तुमची मुळं कुजलेली नाहीत म्हणताय, म्हणून बुंधा बघा.

मातीपासून वीतभर उंचीपर्यंत आणि मातीच्या खालीही दोन-तीन बोटं उकरून बघा. कलमाची पट्टी, नावाच्या चिठ्ठीची तार, आधाराच्या काठीची सुतळी, उंदराने कुरतडलेली साल, डिंक, यांपैकी काही आहे का? आणि कलमाचा सांधा मातीच्या वर आहे की खाली?

ओसरी

शिरा पिवळ्या म्हटल्यावर मला भीती वाटली. ग्रीनिंग नावाचा रोग असतो ना लिंबाचा, ज्याला औषध नाही? तो तर नसेल? माझ्याकडेही एका फांदीवर पिवळे डाग आहेत.

वाफसा

ओसरी, काळजी रास्त आहे. ग्रीनिंग हा जिवाणूमुळे होणारा रोग आहे, सिट्रस सायला नावाचा बारीक किडा तो पसरवतो, आणि लागण झालेलं झाड बरं करणारा उपाय आजही नाही. शिरा पिवळ्या पडणं त्यातही दिसू शकतं, म्हणून एका लक्षणावर निर्णय नको. पण त्याची खूण वेगळी असते. अन्नद्रव्याच्या कमतरतेत मधल्या शिरेच्या डाव्या-उजव्या बाजू एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या असतात. ग्रीनिंगमध्ये तसं नसतं. पिवळे-हिरवे चट्टे शिरा ओलांडून जातात आणि दोन्ही बाजूंना वेगळे असतात. पानावर पेनाने एका बाजूला वर्तुळ काढा, शिरेच्या पलीकडे अगदी समोर दुसरं काढा. दोन्हींतला रंग एकसारखा असेल तर बहुधा कमतरता. फारच वेगळा असेल आणि एखादीच फांदी सुरुवातीला पिवळी पडली असेल तर शंका घ्यायला जागा आहे. कोवळ्या शेंड्यांवर मेणाच्या पांढऱ्या वळलेल्या तारा सोडणारी चपटी पिल्लं दिसतात का तेही बघा, ती सायलाची असतात.

शंका राहिली तर पान तपासणीला द्या, आणि तोवर त्या झाडाचं कलम किंवा फांदी कुणालाही देऊ नका. एवढं मात्र जरूर पाळा.

ओसरी

दोन्ही वर्तुळं सारखीच दिसताहेत, पिल्लंही नाहीत. डाग फक्त सर्वात जुन्या पानांवर आहेत आणि तुमचा तो हिरवा त्रिकोण आहे! हिरवाकोपरा, तुमचं एप्सम सॉल्ट माझ्या कामाचं दिसतंय.

हिरवाकोपरा

वा, बरं झालं. पालाशयुक्त खत जास्त होत असेल तर तेही थोडं थांबवा. पालाश जास्त झालं की मॅग्नेशियम कमी उचललं जातं, मला हे उशिरा कळलं.

रानवाट

व्हिनेगर ओतलं, चांगलंच फसफसलं. आता? दर आठवड्याला व्हिनेगरचं पाणी देऊ? कुणी लिंबाचा रस द्यायला सांगतं, कुणी वापरलेली कॉफीपूड.

शेवगा

व्हिनेगरने थोड्या मातीचा सामू थोडा वेळ उतरतो, मग चुना त्याला पुन्हा जागेवर आणतो. एवढ्या चुन्याला पुरून उरेल इतकं आम्ल ओतायला गेलात तर मुळंच भाजतील. वापरलेली कॉफीपूड तर जवळपास उदासीनच असते. गंधकाने सामू उतरतो, मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, पण त्याला महिने लागतात आणि चुनखडी भरपूर असेल तर तो लढा संपत नाही.

अंड्याची टरफलं आणि राख टाकत असाल तर आजपासून बंद. दोन्हींनी सामू वरच जातो.

वाफसा

शेवगा यांना अनुमोदन. रानवाट, तुमच्यासाठी चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं, मातीत लगेच न अडकणारं लोह. पण नाव नीट वाचून घ्या, कारण पुडक्यावर 'चिलेटेड' एवढंच पाहून घेतलेलं लोह चुनखडीत वाया जातं. ईडीटीए प्रकारचं साधारण साडेसहाच्या सामूपर्यंतच मातीत टिकतं, डीटीपीए साडेसातच्या आसपासपर्यंत. तुम्हाला ईडीडीएचए हवं. ते सामू 9 असला तरी टिकतं. पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो. मात्रा पुडक्यावरचीच पाळा आणि ते मुळांच्या कक्षेत पाण्यातून द्या, फवारू नका, उन्हात ते विघटित होतं.

आणखी एक. चुनखडीच्या जमिनीत पाणी जास्त झालं तर केवडा, म्हणजे लोहाअभावी पडणारा हा पिवळेपणा, वाढतो. ओल्या, कोंडलेल्या मातीत बायकार्बोनेट साठतं आणि लोह घेणं अजून अवघड होतं. त्यामुळे चिलेट देऊन वर रोज पाणी घालत राहिलात तर अर्धा फायदा जाईल. दोन पाण्यांमध्ये जमीन वाफशावर येऊ द्या, म्हणजे चिखल न राहता नुसती ओल उरू द्या. चांगलं कुजलेलं खत वरून पसरा, बुंध्यापासून लांब.

पिवळी झालेली सगळीच पानं हिरवी होणार नाहीत. परिणाम यानंतरच्या पालवीवर बघा.

पानवेल

सापडलं!

माती उकरली तर कलमाचा सांधा चक्क मातीखाली होता. आणि सांध्याभोवती कलम बांधतानाची प्लास्टिकची पट्टी अजून तशीच. खोड जाड झालंय आणि पट्टी सालीत रुतलीये, तिच्या वर फुगवटा आहे. रोपवाटिकेतून आलेल्या पिशवीतच माती वरपर्यंत भरलेली होती, त्यामुळे ती पट्टी कधी नजरेलाच पडली नव्हती. डिंक नाही. पट्टी कशी काढू? ओढली तर साल निघेल अशी भीती वाटते.

वाफसा

ओढू नका. धारदार पातं स्पिरिटने पुसून घ्या आणि डोळा (कलमासाठी बसवलेला लिंबाचा अंकुर) जिथे भरला होता त्याच्या विरुद्ध बाजूने पट्टीवर उभी चीर द्या, आडवी कधीच नाही. चीर पट्टीपुरतीच, सालीला जरा लागली तरी उभी जखम भरून येते. मग दोन्ही कडा हलकेच सोडवा. जिथे साल पट्टीवरून चढून गेली असेल तिथला तुकडा तसाच राहू द्या. फास तुटला हे महत्त्वाचं, पट्टी पूर्ण निघणं नाही.

शेवगा

आणि सांधा मातीच्या वर आणा, हे पट्टीइतकंच गरजेचं. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं मुळांचं रोप, निवडताना तो मूळकूज आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) सोसणारा घेतलेला असतो, वर भरलेला लिंबाचा डोळा तेवढा सोसत नाही. सांधा ओल्या मातीत राहिला तर फायटोफ्थोरा बुरशी थेट त्या कमकुवत भागाला धरते. वरची माती काढून सांधा निदान चार-पाच बोटं वर दिसू द्या. वरची मुळं उघडी पडत असतील तर माती न काढता सगळा गोळाच उचलून कुंडीत उंच बसवा. सांध्यापाशी ना खत, ना पाला, ना थेट पाण्याची धार.

आतापर्यंत मातीत झाकलेली साल कोवळी असते, तिच्यावर कडक ऊन येत असेल तर थोडे दिवस आडोसा करा.

पानवेल

दोन्ही केलं. पट्टी बरीचशी निघाली, एका जागी आत राहिली. खाली साल दबून फिकट झालीये, पण नखाने किंचित खरवडल्यावर हिरवी लागली. गोळा उचलून वर बसवला. आता खत देऊ का? झाडावर दोन-तीन बारीक लिंबंही आहेत.

वाफसा

खाली हिरवं लागलं म्हणजे साल जिवंत आहे. खत आत्ता नको. मुळांना साखर मिळू द्या, पांढरी मुळी सुटू द्या. नवी पालवी सरळ, टवटवीत निघायला लागली की खत. लिंबं मात्र काढून टाका. जीवावर येतं, मला माहीत आहे, पण एवढ्या लहान झाडात फळं सगळी शिदोरी स्वतःकडे ओढतात.

पानं अजून काही गळतील. घाबरून पाणी वाढवू नका. पानं कमी झालेलं झाड पाणीही कमी पितं.

गारवा

विषय चाललाच आहे तर: माझ्याकडे दर हिवाळ्यात लिंब पिवळं होतं आणि ऊब आली की आपोआप हिरवं. दरवेळी खत द्यावं का?

शेवगा

नाही. माती साधारण 13 अंशांच्या खाली गेली की लिंबाची मुळं जवळजवळ थांबतात. खत तसंच पडून राहतं. पाणी कमी करा, कुंडी थंड फरशीवरून उचलून ठेवा, बाकी वाट बघा.

रानवाट

कळवायला आले. चिलेट दिल्यावर आलेली पालवी हिरवी आहे! आधीची पिवळी पानं थोडी सुधारली, काही तशीच आहेत, वाफसा म्हणाले होते तसं. हे एकदाच देऊन भागेल ना?

वाफसा

छान बातमी. एकदाच देऊन मात्र भागणार नाही, माती तीच आहे. नव्या पालवीवर लक्ष ठेवा, जाळी दिसायला लागली की पुन्हा. जस्त-मंगलाची फवारणी कधी करावी लागली तर तीही पालवीच्या वेळीच, पान पूर्ण आकाराच्या दोन-तृतीयांश झालेलं असताना. जून पानावरचा मेणाचा थर फारसं आत जाऊ देत नाही.

पानवेल

मीही आले कळवायला. वरच्या फांद्यांवर नवी फूट आलीये आणि पानं शिरांसकट हिरवी आहेत. किती बरं वाटलं सांगू शकत नाही. जुनी पिवळी बरीच गळली.

दोन प्रश्न. खत आता किती? आणि सांध्याच्या खालून एक जोमदार फांदी निघालीये, पानं वेगळीच, एका देठावर तीन-तीन. ठेवू का? झाड विरळ झालंय, तेवढीच पानं वाढतील असं वाटतं.

शेवगा

ती फांदी ठेवू नका, आजच काढा. ती लिंबाची नाही, खुंटाची आहे. तीन पानं एका देठावर म्हणजे त्रिदली खुंट. ती मुळांच्या सगळ्यात जवळ आहे, तिला सगळं आधी मिळतं, आणि वरचं लिंबू मागे पडत जातं. कोवळी असेल तर कात्रीपेक्षा बोटाने बुडापासून मोडून काढा, तळाचे डोळे राहिले तर तिथून पुन्हा फुटेल. सांध्याच्या खाली जे जे फुटेल ते काढत जा.

वाफसा

खत: नत्र जास्त असलेलं आणि सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यं असलेलं, पुडक्यावर लिहिलेल्याच्या निम्म्या मात्रेने. एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं, कुंडीतलं नत्र प्रत्येक पाण्याबरोबर वाहून जातं. आधी साधं पाणी द्या, मग ओल्या मातीवर खत, बुंध्यापासून लांब कुंडीच्या काठाकडे. मातीवर पांढरी साय धरली किंवा पानांची टोकं करपली तर खत थांबवून भरपूर पाण्याने माती धुवून काढा. कोकोपीट आहे म्हणून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवरही नजर ठेवा, ते दोन्ही कोकोपीट धरून ठेवतं. जुन्या पानांवर हिरवा त्रिकोण दिसला तर हिरवाकोपरा यांचा 10 ग्रॅमचा फवारा आहेच.